वळसंगकडची चार एकर: गुंठे पाडण्याआधी

ताई, वडिलांची जमीन यंदा विकावी का, हा तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सोलापूरहून अक्कलकोट रस्त्याला वळसंगच्या अलीकडे वडिलांची 4 एकर जिरायत, डांबरीपासून दीड किलोमीटर आत. भाऊ गावात, तुम्ही पुण्यात. एजंट म्हणतो, दोन-दोन गुंठ्यांचे प्लॉट पाडा, शहर आता इकडेच सरकतंय, यंदा नाही विकलं तर पस्तावाल. मी 28 वर्षं भूमी अभिलेख खात्यात जमिनीची मोजणी केली, त्यातली बरीचशी उत्तर आणि दक्षिण सोलापुरात. माझं मत आधीच सांगून टाकतो: यंदा विकू नका, आणि गुंठेवारी, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं प्लॉट विकणं, तर मुळीच करू नका.

शहर सरकतंय हे खोटं नाही. 1992 च्या हद्दवाढीत बाळे, शेळगी, सोरेगाव महापालिकेत आली तेव्हा मी नोकरीत नवा होतो. तिथल्या ज्वारीच्या रानांत साखळी ओढली, आणि त्याच रानांवर पुढे कॉलन्या झालेल्या बघितल्या. होटगीकडे फताटेवाडीला एनटीपीसीचं 1320 मेगावॅटचं वीज केंद्र आलं. तुमच्याच रस्त्यावर कुंभारीला रे नगरची 30,000 घरांची वसाहत, त्यातल्या 15,000 घरांच्या चाव्या जानेवारी 2024 मध्ये दिल्या. एजंट तुम्हाला हेच दाखवत असणार. पण ती घरं विडी कामगार, यंत्रमाग कामगार यांना योजनेतून मिळालीत ओ. ज्याला तिथं घर मिळालं तो तुमच्या रानात प्लॉट घ्यायला कशाला येईल?

मग गिऱ्हाईक कोण? बहुतेक तुमच्यासारखेच, पुण्यात नोकरी करणारे आपलेच लोक. घर बांधायला नाही, पैसा गुंतवायला घेतात.

दोन वर्षांमागे एका ओळखीच्या निवृत्त शिक्षकांसोबत हैदराबाद रस्त्याला त्यांचा प्लॉट शोधायला गेलो होतो. पंधरा वर्षांपूर्वीचं प्लॉटिंग. तेव्हाच्या जाहिरातीत ‘विमानतळापासून दहा मिनिटं’ असं होतं, कारण त्याच रस्त्यावर बोरामणीला विमानतळासाठी जमीन संपादित झाली होती. विमान 2025 मध्ये उडालं, तेही होटगी रोडच्या जुन्या विमानतळावरून! कमानीवरचं ‘नगर’ तेवढं वाचता येत होतं, पुढचं नाव गळून गेलेलं. आत वेडी बाभूळ डोक्याच्या वर. हद्दीचे सिमेंटचे खांब कुणीतरी शेळ्यांच्या गोठ्याला नेलेले. एप्रिल होता, काळ्या रानाला भेगा पडलेल्या, एकीत माझा हात मनगटापर्यंत गेला. 84 प्लॉट, घरं तीन, त्यातलं एक राखणदाराचं. गुरुजींचा प्लॉट नकाशावर 41 नंबर. जागेवर कुठला, ते सांगायला एक खूण शिल्लक नव्हती. शेवटी ते एका बाभळीला हात लावून म्हणाले, ‘हाच असेल.’

सोलापूरच्या चारी बाजूंना असली रानं आहेत. पेरणी थांबली, गाव मात्र वसलं नाही.

आता एजंटचा हिशेब बघू. 4 एकर म्हणजे 160 गुंठे. (गुंठा म्हणजे आमची मोजणीची जुनी साखळी, 33 फूट, तिचा चौरस: 1089 चौरस फूट.) रीतसर लेआउट, म्हणजे प्लॉटचा आराखडा, मंजूर करून घेतला तर 10 टक्के मोकळी जागा आणि आतले 9 मीटरचे रस्ते सोडावे लागतात. विकायला साधारण शंभर गुंठे उरतात. गुंठेवारीवाला बारा फुटी बोळ सोडून 140 गुंठे विकतो. त्याचा सगळा फायदा त्या चाळीस गुंठ्यांत आहे, आणि खातेदार म्हणून पुढचं निस्तरणं तुमच्या भावाच्या गळ्यात.

कारण तुकडेबंदी: ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा विकायला बंदी. हे ठरावीक, म्हणजे प्रमाणभूत क्षेत्र 2023 पासून जिरायतीला 20 गुंठे, बागायतीला 10. दोन गुंठ्यांचं खरेदीखत सरळ होत नाही. मग नोटरीवर साठेखत (विक्रीचा नुसता करार), नाहीतर दहा अनोळखी लोकांच्या नावे मिळून 20 गुंठे. सातबारावर दहा नावं सामायिक, बँक कर्ज देत नाही, बांधकाम परवाना नाही. ‘सरकार नंतर नियमित करतं’ असं तो म्हणेल. 2021 मध्ये गुंठेवारीची तारीख पुढे गेली, 2025 मध्ये जुन्या तुकड्यांसाठी वाट काढली, खरं आहे. पण दोन्ही वेळा सूट मागच्या व्यवहारांना होती. तुम्ही आज करणार आहात.

पाण्याचं विचारा त्याला. शहराच्या नळालाच उजनी धरणाचं पाणी वर्षानुवर्षं काही दिवसांआड यायची सवय, वळसंगच्या रानात कोण आणून देणार? आणि गट नकाशावर ओढा कुठून जातो ते बघा. सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीनं लांबोटीजवळ पुण्याचा हायवे बंद पाडला. पाणी आपली वाट विसरत नसतं.

तुम्ही हे करा. आधी वारस नोंद झालीय का, फेरफार (मालकीबदलाची नोंद) काढून तपासा. तुमचं नाव लागलेलं असू दे, ‘नंतर बघू’ म्हणत हक्कसोडपत्रावर सही करू नका. भाऊ चांगला असेल, त्याच्या शेजारी एजंट बसलाय. मग सातबाराचा इतर हक्काचा रकाना नीट वाचा. आपल्या जिल्ह्यात उजनीमुळे ‘पुनर्वसनासाठी राखीव’ असले शेरे पुष्कळ ठिकाणी राहून गेलेत. इनाम, वतन, भोगवटादार वर्ग 2 (सरकारी अटींवरची जमीन) यांपैकी काही निघालं तर परवानगीशिवाय विक्रीच नाही. जमीन शेतीच्या पट्ट्यात की रहिवासी, त्याचा झोन दाखला काढा. आणि सरकारी मोजणी आणा. दीड किलोमीटर आतला रस्ता नकाशावर आहे की कुणाच्या तरी बांधावरून चाललाय, हे त्यातच कळेल. बांधावरचा असेल तर एजंटचा भाव निम्मा समजा.

विकायचीच वेळ आली तर मंजूर लेआउट करणाऱ्याला एकरकमी द्या, आणि विहीर असेल तर तिच्याकडची एक एकर राखा.

मोजणीला यंदा नंबर लागेपर्यंत रान पडीक ठेवू नका. भावाला स्वतःच्या नावानं शाळू पेरायला सांगा आणि ई-पीक पाहणी (मोबाईलवरून पिकाची नोंद) करायला लावा. वाट्यानं द्यायचं ठरलं तरी तोंडी नको, लिहून द्या. मोजणीची नोटीस निघाली की चारी बाजूच्या खातेदारांना तुम्ही स्वतः फोन करा. न कळवता गेलेल्या माणसाला पहिला अडवतो तो शेजारीच.