टायर हाताने अलगद चढला? मग आधी शंका घ्या

प्रश्न : सायकल जुनी आहे पण चांगली पळते. मध्यंतरी मागचं चाक पार वाकलं म्हणून एक सेकंडहँड चाक मिळवलं आणि मीच घरी बसवलं, टायर मात्र आधीचाच ठेवला कारण तो जवळजवळ नवा होता. ब्रेकचे रबर थोडे खाली घ्यावे लागले एवढंच, बाकी सगळं व्यवस्थित. टायर तर इतका सहज चढला की टायर चढवायची पट्टीसुद्धा (लिव्हर) लागली नाही, म्हटलं वा! पण हवा भरायला घेतली की ४५ पीएसआयच्या आसपास एका जागी टायर रिमच्या बाहेर यायला लागतो, तिथून ट्यूबचा फुगा निघतो आणि धडाम्. तीन ट्यूबा गेल्या. आता मी पंप हातात घेतला की घरातले कानात बोटं घालतात. ट्यूबच खराब मिळतायत का?

उत्तर : ट्यूब बिचारी निर्दोष आहे हो. ती नुसती पिशवी, टायरच्या बाहेर आली की थोड्याशा हवेनेही फुटणारच. खरं उत्तर तुम्ही स्वतःच लिहून पाठवलंय, फक्त तुमचं लक्ष गेलं नाही : ब्रेकचे रबर खाली घ्यावे लागले! म्हणजे नवी रिम जुनीपेक्षा लहान आहे.

माझा अंदाज असा की तुमच्या टायरवर '२७ बाय सव्वा' लिहिलेलं असेल आणि चाक आलंय ७००सीचं. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात आणि भले भले फसतात. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात अजून एक आकडा असतो, ३२-६३० असा काहीतरी, तो वाचा. पहिला आकडा रुंदी आणि दुसरा टायरची कड जिथे रिमवर टेकते तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. २७ बाय सव्वाचा व्यास ६३० आणि ७००सीचा ६२२. फरक ८ मिमी, म्हणजे प्रत्येक बाजूला ४, आणि तेवढेच तुमचे रबर खाली आले. ८ मिमी म्हणजे काय एवढं असं वाटेल, पण घेरात तो २५ मिमी होतो, म्हणजे टायरला इंचभर ढील.

आता ही ढील एवढी महागात का पडते? टायरच्या दोन्ही कडांच्या आत तार असते, घडी घालता येणाऱ्या टायरमध्ये तारेऐवजी अ‍ॅरामिडचा धागा असतो. ही तार ताणली जात नाही, म्हणूनच तर टायर रिमवर राहतो, बरेच लोक समजतात की रिमच्या हुकने, म्हणजे भिंतीच्या आत वळलेल्या काठाने, टायर धरून ठेवलेला असतो, पण हुक नुसती मदत करतो, खरी पकड तारेची. रिमचा मधला भाग खोलगट असतो. टायर चढवताना कड एका बाजूला त्या खोलात ढकलली की समोरच्या बाजूला जरा ढील मिळते आणि तेवढ्यावर टायर चढतो. हवा भरली की कडा खोलातून वर येऊन दोन्ही बाजूंच्या कट्ट्यावर घट्ट बसतात आणि ढील संपते. तुमच्याकडे तार मुळातच मोठी आहे, त्यामुळे ढील संपतच नाही, ती एका जागी गोळा होते आणि तिथूनच टायर भिंत ओलांडून बाहेर. म्हणून सांगतो, टायर पट्टीशिवाय चढला तर खूश व्हायच्या आधी दुसरा आकडा बघा. योग्य मापाचा टायरही कधीकधी हाताने चढतो, नाही असं नाही, पण अलगद चढला तर शंका घ्यावीच.

रिमवर माप छापलेलं नसेल तर टायर-ट्यूब काढून, कड टेकते त्या कट्ट्यावरून मोजपट्टी फिरवा. घेर १९५४ मिमीच्या आसपास आला तर ६२२, १९७९च्या आसपास आला तर ६३०. पट्टी नीट चिकटून फिरवा, ढिली धरलीत तर परत तोच घोळ.

६२२चा टायर आणा, ट्यूबचं माप बदलायची गरज नाही, या दोन्ही मापांना एकच चालते. जुना टायर फेकू नका, पुढचं चाक अजून जुनंच असेल तर तिकडे तो बरोबर बसेल.

आणि इंचांवर तर अजिबात विश्वास ठेवू नका. २६ इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरांत ५५९, ५७१, ५८४, ५९० अशी मापं निघतात. २६ बाय १.७५ म्हणजे ५५९ आणि २६ बाय पावणेदोन (१ ३/४ असं अपूर्णांकात लिहिलेलं) म्हणजे ५७१! शाळेच्या गणितात १.७५ आणि पावणेदोन एकच असतात ना? सायकलवाल्यांचं गणित वेगळं.

प्रश्न : माझ्या टायरवर आणि रिमवर दोन्हीकडे ६२२च आहे, तरी टायर ढिला वाटतो आणि हवा भरल्यावर चाक फिरवलं की उड्या मारतं.

उत्तर : तुमचं काम सोपं आहे. थोडा ढिला पण योग्य मापाचा टायर घाई केली की वाकडा बसतो. ट्यूबमध्ये आधी जेमतेम आकार येण्याएवढी हवा भरा, टायर चढवा, वॉल्व्ह एकदा आत ढकलून परत ओढा म्हणजे तिथे ट्यूब कडेखाली अडकली असेल तर सुटेल. मग दोन्ही बाजूंनी कड चिमटीत दाबत दाबत पूर्ण चाकभर ट्यूब कुठे डोकावते का बघा. १०-१५ पीएसआय भरा आणि थांबा. टायरवर रिमला लागून एक बारीक रेघ असते, ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर हवी. एका जागी वर आली असेल तर तिथे हाताने खाली दाबा, बुडाली असेल तर बाहेर ओढा, जमत नसेल तर हवा सोडून परत सुरुवात. रेघ सरळ झाली की मगच पुढची हवा, तीही टप्प्याटप्प्याने.

तरी ढिलंच वाटलं तर रिमच्या आत ट्यूबखाली गुंडाळतात त्या पट्टीचा (रिम टेपचा) अजून एक थर द्या. खोल भाग थोडा भरतो, कडेला खाली घसरायला जागा राहत नाही आणि टायर मधोमध बसतो. (चुकीच्या मापाच्या टायरला मात्र हे करू नका, वरच्या वाचकांनी हे वाचून लगेच पट्ट्या गुंडाळायला घेऊ नयेत!) आणि रिमच्या भिंतीला आतून हुक नसेल, सरळ भिंत असेल, तर हवा बेताने भरा. नव्या बिनहुकच्या ट्यूबलेस रिमना तर ५ बार म्हणजे साधारण ७२ पीएसआय ही मर्यादाच आहे, आणि टायरही तशा रिमसाठी चालणारा हवा.

प्रश्न : टायरची तार एका जागी तुटून बाहेर आलीय. दोरीने बांधून किंवा चिकटवून चालेल का?

उत्तर : नाही. रबर अजून किती छान आहे वगैरे ठीक आहे, पण पकड तारेची आणि तीच गेली. फेका. पट्टीऐवजी स्क्रूड्रायव्हर घालून टायर उचकटत असाल तर आधी ते बंद करा, तार त्यानेही जाते.

प्रश्न : टायर निघत नाही पण वॉल्व्ह हळूहळू तिरका होत जातो.

उत्तर : हवा कमी ठेवताय. टायर रिमवर सरकतो, ट्यूबला सोबत ओढतो आणि एक दिवस वॉल्व्ह मुळाशी फाटतो, तिथे पॅचही लागत नाही. हवा पूर्ण सोडा, टायर उलट्या दिशेने सरकवून वॉल्व्ह सरळ करा, मग टायरवर लिहिलेल्या मर्यादेत नीट हवा भरा. वॉल्व्हचा गोल नट पान्याने आवळून तो सरळ धरायचा प्रयत्न करू नका, हाताने लागेल तेवढाच लावा.