संगणक शंका-समाधान : ‘डी’ ड्राइव्ह म्हणजे दुसरी डिस्क नव्हे

प्रश्न : डेस्कटॉप सुरू करताना काळ्या पडद्यावर ‘स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस’ (डिस्क बिघडते आहे, मजकुराची प्रत काढा आणि ती बदला) असं येतं. एफ१ दाबलं की विंडोज नेहमीसारखं चालू होतं. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ०५ ही ओळ लाल आहे आणि सी५ समोर ३८ दिसतं. फोटो ‘सी’मधून ‘डी’वर हलवले आहेत. दुरुस्तीवाला म्हणतो, बायोसमधून (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमधून) सूचनाच बंद करू. त्याआधी चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासणारं साधन चालवू का? (वाचक, नेरुळ)

उत्तर : चेकडिस्क आत्ता अजिबात नको. खराब सेक्टर (मजकूर साठवायचे डिस्कवरचे छोटे कप्पे) शोधायला ते अख्खी डिस्क तासन् तास वाचत बसतं, आणि मरायला टेकलेली डिस्क त्या श्रमातच जाते. डीफ्रॅगही (फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) नको. बायोसमधून सूचना बंद केल्याने फक्त सूचना जाते, बिघाड आहे तिथेच राहतो.

०५ म्हणजे खराब झाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले सेक्टर. ही ओळ लाल झाली म्हणजे त्यांची संख्या कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेली. सी५ म्हणजे सध्या वाचता न येणारे सेक्टर. तुमचे ३८ हे षोडशमान (दहाऐवजी सोळाच्या) पद्धतीतले, म्हणजे ३ गुणिले १६ अधिक ८, खरे ५६. तेवढ्या जागी तुमचा एखादा फोटो असू शकतो.

मोठी चूक ‘डी’ची झाली आहे. घरच्या बहुतेक संगणकांत ‘सी’ आणि ‘डी’ हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात; डिस्क मॅनेजमेंट उघडलंत की ‘डिस्क ०’च्या एकाच पट्टीत दोन्ही दिसतील. म्हणजे फोटो त्याच आजारी डिस्कवर आहेत, शिवाय हलवताना तिच्यावर आणखी लिहिलं गेलं.

आजच बाहेरची यूएसबी डिस्क आणा. स्लीप बंद करा. आधी जे पुन्हा मिळणार नाही ते काढा : फोटो, कागदपत्रं, हिशेब. सिनेमे शेवटी, नाहीतर राहू द्या. सगळं एकदम ओढून टाकू नका. एका खराब फायलीवर कॉपी अडकते. त्यापेक्षा रोबोकॉपी ही विंडोजमधली कॉपी करायची कमांड वापरा, पण ‘आर’ (किती वेळा प्रयत्न) आणि ‘डब्ल्यू’ (मध्ये किती सेकंद थांबायचं) हे दोन्ही स्विच १ ठेवा. मूळ सेटिंगमध्ये ते न वाचता येणाऱ्या फायलीसाठी दर ३० सेकंदांनी, दहा लाख वेळा प्रयत्न करतं! मध्येच टकटक ऐकू आली तर ताबडतोब बंद करा.

टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर असेल तर डिस्क काढण्यापूर्वी त्याचं लायसन्स सरेंडर (परत) करा. मग २.५ इंची साटा एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, साटा केबलने मदरबोर्डाला जोडायची डिस्क) घ्या, ३.५ इंचाच्या खणात ती बसवायला ब्रॅकेट लागतो, आणि जुन्या डिस्कचे जाड स्क्रू तिला दामटू नका. आमच्या मते क्लोन (जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल) करण्यापेक्षा विंडोज नव्याने टाकावं. क्लोनमध्ये तुटक्या सिस्टिम फायलीही जशाच्या तशा येतात. त्यासाठी ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. विंडोजचं डिजिटल लायसन्स मुख्यतः मदरबोर्डाशी बांधलेलं असल्याने ते सहसा आपोआप लागू होतं.

प्रश्न : क्रिस्टलडिस्कइन्फो एसएसडी ‘गुड’ दाखवतं, पण संगणक मधूनच अडकतो आणि सी७चा आकडा वाढतो. एसएसडी बदलावी का? (वाचक, ऐरोली)

उत्तर : आधी साटा केबल बदला. सी७ हा डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातल्या वाटेवरच्या चुकांचा आकडा आहे. ढिली किंवा दुमडलेली केबल हे नेहमीचं कारण. खाडीकाठच्या दमट हवेत कनेक्टरही खराब होतात. जमल्यास पोर्टही बदला. आकडा शून्यावर कधीच येत नाही, तेव्हा आजचा लिहून ठेवा. नंतर वाढला नाही तर दोष केबल-जोडणीचाच होता.

प्रश्न : पोर्टेबल हार्ड डिस्क टेबलावरून पडली. लावली की टक-टक वाजते, संगणकाला दिसत नाही. फ्रीझरमध्ये ठेवून पाहू का? (वाचक, ठाणे)

उत्तर : नको. बाहेर काढताच आत दव धरतं, आणि आपल्याकडच्या दमट हवेत तर लगेच. टक-टक म्हणजे बहुधा हेड (तबकडीवरचा मजकूर वाचणारं टोक) बिघडलं आहे. प्रत्येक वेळी वीज दिलीत की ते तबकडीवर ओरखडे काढू शकतं, आणि ओरखड्याखालचा मजकूर कुणीही परत आणू शकत नाही. डबी फोडून आतली डिस्क डेस्कटॉपला जोडायचा बेतही सोडा. अनेक पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचं सॉकेट सर्किट बोर्डावरच असतं, साटा नसतोच. मजकूर हवाच असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे, आधी लेखी अंदाजपत्रक आणि ‘मजकूर नाही तर पैसे नाहीत’ ही अट घेऊन. वॉरंटीत कंपनी डिस्क बदलून देते, मजकूर नव्हे. तोही तुम्हाला हवा असेल तर वॉरंटीचा दावा आधी लावू नका, कारण जुनी डिस्क परत मिळत नाही.