वाचकांचे प्रश्न : इंजेक्शन घ्यावं की तोंडावर ताबा ठेवावा?

प्रश्न : डॉक्टर, मी साताऱ्यात राहते, शाळेत शिक्षिका आहे. वय ४४, उंची पाच फूट एक इंच, वजन ८४ किलो. गुडघे दुखतात, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.२ आलाय. डाएट सगळे करून झाले. दोनदा दहा-बारा किलो उतरवले, दोन्ही वेळा व्याजासकट परत आले. पुण्याच्या नणंदबाईंनी आठवड्याचं इंजेक्शन सुरू केलंय, दिवाळीला आल्या तेव्हा पटकन ओळखू आल्या नाहीत. मी घरात विषय काढला तर आमचे हे म्हणाले, "ही पैसे देऊन काढलेली पळवाट आहे. पहाटे ऊठ, यवतेश्वरचा घाट चढ, तोंडावर ताबा ठेव." ते स्वतः हिल मॅरेथॉन पळतात, त्यामुळे मला बोलायला तोंडच राहत नाही. सासूबाईंचं तर ठरलेलं, "आमच्या वेळी नव्हती असली थेरं." मी इंजेक्शन घ्यावं का? आणि घेतलं तर माझ्यात जिद्द नाही असाच त्याचा अर्थ ना?

उत्तर : ताई, पत्रासोबत तुम्ही दिवसभराचा सगळा हिशेब लिहून पाठवलात. पूर्ण छापायला जागा नाही, पण माझं लक्ष त्यातल्याच एका ओळीवर अडकलं : "पाचला उठून तीन डबे, मग सासूबाईंचा चहा आणि गोळ्या, आणि माझा नाश्ता म्हणजे डबे भरून तव्याशी जे उरेल ते, उभ्याउभ्या." म्हणजे यजमान घाट चढत असतात त्याच वेळी तुम्ही ओट्यापाशी असता. त्यांची मेहनत खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण त्यांच्या डब्यातली पोळी दुसरं कुणीतरी लाटतंय म्हणून त्यांना पहाट मोकळी मिळते. तुमच्या घरातलं भांडण वरवर इंजेक्शनचं दिसतंय. खरं ते सकाळच्या त्या दीड तासाचं आहे. त्याकडे नंतर येते.

आधी जिद्दीचं. दोनदा दहा-बारा किलो उतरवणाऱ्या बाईला जिद्द नाही असं मी तरी म्हणणार नाही. उतरवणं तुम्हाला जमतं, टिकत नाही, आणि न टिकण्यात शरीराचा हात मोठा असतो. वजन उतरलं की चरबीतून येणारं लेप्टिन नावाचं संप्रेरक कमी होतं, मेंदू ते दुष्काळ पडल्यासारखं वाचतो, भूक वाढवतो आणि शरीराच्या ऊर्जेच्या खर्चाला कात्री लावतो. अमेरिकेत टीव्हीवर वजन उतरवण्याची एक मोठी स्पर्धा व्हायची. तिथे ट्रेनर, डॉक्टर, कॅमेरे, बक्षीस, सगळं दिमतीला. त्यातल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, २०१६मध्ये निष्कर्ष आले. सरासरी ५८ किलो उतरवलेल्या या मंडळींचे ४१ किलो परत आले होते आणि त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. इतक्या वर्षांनंतरही! हे यजमानांना वाचून दाखवा. त्यांचा स्वभाव पळणाऱ्याचा आहे, आकडे त्यांना पटतील.

आता इंजेक्शन. जेवल्यावर आपलं आतडं जीएलपी-१ नावाचं एक संप्रेरक सोडतं. पोट सावकाश रिकामं होतं आणि मेंदूला निरोप जातो की पुरे. आपलं स्वतःचं जीएलपी-१ दोन-चार मिनिटांत मोडून जातं. सेमाग्लुटाइड हे त्याचंच टिकाऊ रूप, म्हणून आठवड्यातून एकदा टोचलं तरी चालतं. टिर्झेपॅटाइड हे दुसरं इंजेक्शन त्यासोबत आणखी एका संप्रेरकाचं काम करतं. औषध घेणारे दवाखान्यात येऊन सांगतात ते ऐकण्यासारखं असतं : ताटात काय आहे यापेक्षा, दोन जेवणांच्या मध्ये डब्यातल्या चिवड्याचा विचार डोक्यात घिरट्या घालायचा थांबला. ज्यांच्या डोक्यात तो कधी नव्हताच, त्यांना हे थांबणं म्हणजे काय ते कळत नाही. घाट चढणाऱ्यांपैकी बरेच जण याच दुसऱ्या गटातले असतात, असं माझं आपलं मत.

२०२१च्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचं वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के उतरलं. नुसता आहार-व्यायामाचा सल्ला आणि खोटं, म्हणजे औषध नसलेलं, इंजेक्शन मिळालेल्यांचं २.४ टक्के. तुमच्या हिशेबात मांडलं तर बारा किलो आणि दोन किलो. पण चाचणी संपल्यावर औषध बंद झालं आणि वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत चढलं. तेव्हा "सहा महिने घेते, मग सोडते" असा बेत असेल तर आत्ताच सांगते, पैसे वाया जातील. हे रक्तदाबाच्या गोळीसारखं लांबणारं औषध आहे.

पैशांचंही बोलू, कारण शिक्षिकेच्या पगारात ते आधी येतं. टिर्झेपॅटाइड मार्च २०२५मध्ये भारतात आलं तेव्हा सगळ्यात कमी ताकदीची, एका आठवड्याची कुपी साडेतीन हजारांना होती. महिन्याचे चौदा हजार, आणि डोस वाढला की त्याहून जास्त. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६पर्यंतची. पेटंट सुटलं की देशी कंपन्यांचं औषध येतं आणि भाव उतरतो. तरीही घेण्याआधी दोन-तीन वर्षांचा खर्च मांडा, तोही यजमानांसमोर बसून, त्यांना न सांगता साठवलेल्या पैशांतून नको.

तुम्ही यात बसता का? बसता. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३५ भरतो, साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे, यकृतात चरबी आहे. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी नावाचा कर्करोग झाला असेल किंवा तुम्हाला कधी स्वादुपिंडाला सूज आली असेल, तर मात्र आधी सांगा. पित्ताशयात खडे आहेत का तेही त्याच सोनोग्राफीच्या कागदावर बघून घ्या, कारण वजन झपाट्याने उतरताना ते होण्याची शक्यता वाढते. सुरुवातीला मळमळ, कधी उलटी, बद्धकोष्ठ, हे बहुतेकांना थोडंफार होतं. म्हणून डोस महिन्या-महिन्याने चढवतात. नणंदबाईंचा डोस बघून आपला ठरवायचा नाही. आणि चतुर्थीला दिवसभर निरंकार राहून रात्री तुपातली साबुदाण्याची खिचडी, हे या औषधावर झेपणार नाही. देवाला सांगून फळं आणि ताक घ्या.

एक गोष्ट नणंदबाईंनी बहुधा सांगितली नसेल. उतरलेलं सगळं वजन चरबीचं नसतं, त्यातला पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त स्नायू वगैरेंचा असतो. पंचेचाळिशीच्या बाईचे गुडघे मांडीच्या स्नायूंवर उभे असतात, ते गेले तर हलकं होऊन उपयोग काय? भूकच लागत नसेल तेव्हा पहिला घास प्रथिनांचा हवा. आपल्याकडे त्याची ददात नाही : मटकीची उसळ, हुलग्याचं पिठलं, अंडी, घट्ट दही, कोरेगावचा वाघ्या घेवडा. भाकरी नंतर. आणि आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. जिमच लागते असं नाही.

आता चालणं. इथे यजमान बरोबर आहेत, फक्त कारण चुकीचं सांगतायत. भारतातच एक मोठा अभ्यास झाला, २००६मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना आहार आणि चालण्याची शिस्त लावली, तर मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. गंमत अशी की त्यांचं वजन फारसं हललंच नव्हतं. म्हणजे काटा ढिम्म असला तरी चालण्याचं काम आत चालू असतं. तुम्ही दोनदा चालणं सोडलंत ते काटा थांबला म्हणून. या वेळी काट्याचं काम इंजेक्शनकडे द्या, साखरेचं आणि गुडघ्यांचं पायांकडे. घाट नको, ८४ किलोंनी गुडघे दुखत असताना तर नकोच. सपाट रस्त्यावर अर्धा तास पुरे.

तो अर्धा तास कुठून येणार, हा प्रश्न मी यजमानांना विचारते. साहेब, आठवड्यातले तीन दिवस घाट संध्याकाळी चढा आणि पहाटे डबे तुम्ही भरा. पोळ्या गोल आल्या नाहीत तरी चालतील. बायकोला ताबा ठेवायला सांगण्यापेक्षा हे अवघड आहे, मला कल्पना आहे.

माझा सल्ला : रक्ताच्या तपासण्या करून, फिजिशियनच्या देखरेखीखाली, खर्च झेपत असेल तर इंजेक्शन सुरू करा. दिसण्यात कुणाशी बरोबरी करायला नव्हे, ६.२चा आकडा ६.५ होऊ नये, म्हणजे मधुमेहाचा उंबरठा ओलांडू नये म्हणून. तीन-चार महिन्यांत पाच टक्केही उतरलं नाही तर डॉक्टरांशी पुन्हा बोला, सगळ्यांना ते सारखं लागू पडत नाही. सासूबाईंना सांगा, त्यांच्या वेळी गुडघाबदलही नव्हता.

प्रश्न : वय २९, उंची १७० सेंमी, वजन ६८. अक्षय्य तृतीयेला लग्न आहे. पोट थोडं सुटलंय. जिमच्या ट्रेनरने या इंजेक्शनचं एक पेन दिलंय, म्हणाला दीड महिन्यात सहा किलो जातील. आईला कळू नये म्हणून फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यामागे ठेवलंय. घेऊ का? – कराडहून एक वाचक

उत्तर : नाही. तुमचा बीएमआय साडेतेवीस आहे. हे औषध बीएमआय तीस किंवा त्याहून जास्त असलेल्यांसाठी, किंवा तो सत्तावीसच्या वर असून सोबत दुसरा आजार असलेल्यांसाठी आहे. चिठ्ठीशिवाय दिलेल्या पेनात नेमकं काय आहे आणि तुमच्या हाती येईपर्यंत ते दोन ते आठ अंशांत राहिलं का, हे ट्रेनरलाही माहीत नसणार.

पोटाकडे मात्र दुर्लक्ष करू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४मध्ये गाजला. दोघांचा बीएमआय तंतोतंत २२.३, पण युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या शरीरात २१.२. आपण भारतीय हडकुळे दिसूनही आतून चरबी बाळगतो. तेव्हा शिंप्याची टेप घेऊन बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. ९० सेंमीच्या वर असेल तर उपाशीपोटीची साखर आणि ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, तपासून घ्या, लग्नाआधी. आणि पेन ट्रेनरला परत करा. पैसे परत मिळतील की नाही ते मला सांगता यायचं नाही.