पथकाच्या वहीतलं दुसरं खातं

चि. खजिनदार हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा नदीपात्रात आपल्या ढोल-ताशा पथकाचा सराव संपल्यावर तू वहीचं ते पान दाखवलंस, तेव्हा शेजारी ढोल आवळायचं काम चाललं होतं, त्या गडबडीत धड बोलता आलं नाही. टीशर्ट, कॉफीचे मग, आकाशकंदील, लग्नाच्या सुपाऱ्या, ताशाचे वर्ग आणि ढोलदुरुस्ती अशी जोडधंद्यांची सहा नावं होती. प्रत्येकापुढे 'अंदाजे नफा' आणि तळाशी दोनदा अधोरेखित केलेलं वाक्य: 'दर वर्षी मंडळांपुढे हात पसरायचा नाही.' त्या वाक्यानं मला रात्री झोप लागू दिली नाही. म्हणून सविस्तर लिहितेय.

तुझी काळजी रास्त आहे, हे आधी सांगते. पथकाचा पैसा येतो गणपती मंडळांकडून, भाद्रपदातल्या दहा दिवसांत आणि जातो बारा महिने. गोदामाचं भाडं फाल्गुनातही द्यावं लागतं. ढोलांच्या तोंडावरची पानं फाटतात सरावात, म्हणजे मानधन हातात पडायच्या दोन महिने आधी. टेम्पो, सरावाच्या जागेवरचा मांडव, दिवे, नव्या वादकांसाठी जादा ताशे, सगळं आगाऊ. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं मिरवणूकच निघाली नाही. तू तेव्हा शाळेत होतीस. आम्ही गोदामाचं कुलूप काढलं तेव्हा चामड्याच्या पानांना उंदरांनी कडेनं कुरतडलेलं होतं आणि भाडं मात्र दोन्ही वर्षांचं थकलेलं. मग २०२४. ३० ऑगस्टला हरित लवादाचा आदेश आला, एका पथकात तीसच जण. सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली १२ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी पाच दिवसांवर आली असताना. आवाजाचा प्रश्न खराच आहे, पात्रालगत राहणाऱ्यांच्या तक्रारी मी कधी उडवून लावल्या नाहीत आणि तूही लावू नकोस. पण खजिनदार म्हणून बघ: अख्ख्या वर्षाची जमा एका कागदावर अडकली होती.

म्हणून दुसरा झरा हवाच. फक्त तो एकच मोठा झरा नको. अमेरिकेत आपल्यासारखीच तरुण मुलांची ढोल आणि पितळी वाद्यांची पथकं असतात, त्यांना ड्रम कोअर म्हणतात. कॅलिफोर्नियातलं सांता क्लारा व्हॅनगार्ड हे १९६७ पासूनचं, अनेकदा जगज्जेतं ठरलेलं पथक. त्यांचा मोठा आधार होता बिंगोचा हॉल. लोक येऊन, पैसे भरून बिंगो हा आकड्यांचा खेळ खेळायचे आणि त्या पैशावर मुलांचे दौरे निघायचे. महासाथीत असे हॉल बंद पडले. २०२३ च्या मोसमात हे पथक पैशाअभावी मैदानात उतरलंच नाही, २०२४ मध्ये परतलं. बिंगोचा आणि वादनाचा काय संबंध, हे मला आजही कळलेलं नाही. हॉल बंद झाल्यावर त्यातून पथकाच्या हाती कुठलं कौशल्यही उरत नाही.

याच्या उलट आपल्याकडचं उदाहरण घे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पुढे १९०८ मध्ये मुंबईत आणलं. संस्थेचा स्वतःचा छापखाना होता, त्यात स्वरलिपीची पुस्तकं छापायची. वाद्यं तयार करायचा, दुरुस्त करायचा कारखाना होता. तिकीट लावून जलसे व्हायचे. जे शिकवायचं त्याच्याच आजूबाजूचे हे उद्योग, आणि विद्यार्थी त्यातूनही शिकायचे. संस्था अडचणीत आली ती इमारतीच्या कर्जामुळे. कर्ज फेडायला बुवा गावोगाव जलसे करत फिरले, तरी अखेर इमारत लिलावात गेली. आपल्या पुण्यातलं गांधर्व महाविद्यालय त्यांच्याच शिष्यानं, विनायकबुवा पटवर्धनांनी, १९३२ मध्ये सुरू केलं. मला यातून एक गोष्ट घ्यावीशी वाटते. छापखाना आणि वाद्यांचा कारखाना ही कल्पना काढणारा माणूस आधी गवई होता. विकायचं काय, हे त्याला रियाजानं सांगितलं.

आता आकाशकंदिलांबद्दल. तुझ्या यादीत त्याच्यासमोर सगळ्यात मोठा आकडा आहे, म्हणून जे आजवर फारसं कुणाला सांगितलं नाही ते सांगते.

मी तुझ्याच जागी होते. विसर्जन झालं, चार पैसे कमी पडले आणि मीच सुचवलं, दिवाळीला कंदील करू. सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या चौकात आम्ही तीस जण रोज संध्याकाळी बसायचो. बांबूच्या काड्या, जिलेटीनचा कागद, पातेलंभर खळ. पहिले चार दिवस गाणी चालली होती. पाचव्या दिवसापासून मी भिंतीवर कागद लावला, कुणी किती कंदील केले त्याचा. त्या कागदानं सगळं बदललं. ज्याचे कमी झाले तो मान खाली घालून बसायला लागला. आमच्यात एक बारावीची मुलगी होती, ताशा अप्रतिम वाजवायची, काड्यांवर तिची बोटं नुसती पाण्यासारखी चालायची. तीच बोटं खळीनं चिकट होऊन रात्री दहापर्यंत शेपट्या चिकटवत होती. एके दिवशी तिची आई माझ्या घरी आली. भांडली नाही. पाण्याचा पेला हातात धरून एवढंच म्हणाली, "माझी मुलगी गणपतीसाठी येत होती. हे दुकान कुणाचं?"

मला उत्तर देता आलं नाही. कंदील सगळे खपले, फायदा झाला, त्यातून सहा नवे ताशे आले. पुढच्या जूनमध्ये वाद्यपूजनाला त्या तीस जणांतले अकरा आले नाहीत. ती मुलगीही नाही. सहा ताशे आणि वाजवणारी नाही, असं ते वर्ष होतं.

म्हणून माझं तुला सांगणं एकच आहे आणि बाकी सगळं त्याच्या मागून येतं. पोरं पथकाला संध्याकाळ फुकट देतात ती वादनासाठी. लक्ष्मी रस्त्यावर दहा-दहा तास खांद्यावर वळ उठेपर्यंत वाजवतील आणि पाण्याच्या बाटलीशिवाय काही मागणार नाहीत. ती संध्याकाळ तू दुकानात वापरलीस, तर ती त्यांना न विचारता घेतलेली आहे. धंद्यात जो हात लावेल त्याला मजुरी द्यायची. थोडी असेल, पण आधी ठरवून, वहीत लिहून. मजुरी देऊन फायदा उरत नसेल, तर तो फायदा नव्हताच, पोरांची मेहनत आपण नफा म्हणून लिहीत होतो. तुझ्या यादीतल्या सहाही आकड्यांतून मजुरी वजा करून बघ. टीशर्ट आणि मग तिथेच गळून पडतील असा माझा अंदाज आहे.

आणि अठराच्या आतल्या मुलांना धंद्याच्या कामाला बसवायचं नाही. त्यांनी वाजवावं आणि वेळेत घरी जावं.

लग्नाच्या सुपाऱ्यांबद्दल तुझं आणि पथकप्रमुखाचं वाजलं, असं कानावर आलं. मला त्यात कमीपणा वाटत नाही. तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त आपल्या मोसमाला आड येत नाहीत. पण पेठांमधल्या बँडवाल्यांचा, हलगीवाल्यांचा विचार कर. त्यांची घरं पिढ्यान् पिढ्या त्याच्यावर चालतात. आपली पोरं कॉलेजात आहेत, कुणी हिंजवडीला नोकरीत आहे. आपण 'सेवाभावी पथक' म्हणून त्यांच्या निम्म्या दरात वरातीला उभे राहिलो, तर त्या माणसाचा मोसम खाल्ला. सुपारी घ्यायची तर त्यांच्या दराच्या खाली जाऊन घेऊ नकोस. वर्षाला किती घ्यायच्या तो आकडा आधीच ठरवा आणि तो भरला की फोन करणाऱ्याला एखाद्या बँडचा नंबर दे.

ताशाचे वर्ग चांगले. पण शिकवणारा कोण, हा प्रश्न वहीत कुठेच नाही. आपला सगळ्यात चांगला ताशावाला समोर बसलेल्याला समजावून सांगू शकतो का, ते महिनाभर बघ आणि मगच फी लाव.

राहिली ढोलदुरुस्ती. यादीत ती शेवटी आहे आणि तिच्यापुढचा आकडा सगळ्यात लहान. मी तिला वर नेईन. शहरातल्या किती शाळांच्या कपाटावर लेझमीचे ढोल पडून असतात, एक पान फाटलेलं, दोरी सैल, माहीत आहे ना? प्रजासत्ताक दिन आला की शिक्षकांची धावाधाव होते. आणि हे काम आपल्या पोरांना करावंच लागतं, स्वतःच्या ढोलांसाठी. चामड्याचं पान रात्रभर भिजत घालायचं, सकाळी कडीवर चढवायचं, मग ढोलाला पाय टेकवून दोरी दोन्ही अंगांनी सारखी ओढत न्यायची. एका बाजूला ओढ जास्त पडली की ढोल घुमत नाही, नुसता वाजतो. फायबरच्या पानाला भिजवणं नाही, पण रिंगेत तसूभर तिरकं बसलं तर कडेनं चिरतं. ज्या पोरानं वर्षभर असे पन्नास ढोल बांधले, तो मिरवणुकीत आपला ढोल उतरला हे नुसत्या कानानं ओळखतो आणि उभ्या उभ्या आवळून घेतो. दुरुस्तीच्या धंद्यातला हा नफा तुझ्या वहीत कुठल्या रकान्यात बसत नाही, पण माझा भर त्याच्यावरच आहे. यातून दर महिन्याला गोदामाचं भाडं सुटलं तरी पहिल्या वर्षी मी समाधानी असेन.

हिशेबाचं थोडक्यात. धंद्याचं बँक खातं वेगळं, वही वेगळी, बिलबुक वेगळं. आपली संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली आहे. तेव्हा आधी घटनेतले उद्देश वाच आणि त्यात हे काम बसतं का ते बघ. धर्मादाय संस्थेनं धंदा करू नये असं आयकर कायदा म्हणत नाही. धंदा मूळ उद्देशाला धरून असावा आणि त्याचे हिशेब स्वतंत्र असावेत, असं म्हणतो. संस्था 'सर्वसाधारण लोकोपयोगा'च्या सदरात मोडत असेल, तर धंद्याची जमा त्या वर्षीच्या एकूण जमेच्या २० टक्क्यांपुढे जाता कामा नये. म्हणजे वर्षाची सगळी जमा १० लाख असेल, तर धंद्याची २ लाखांच्या आत. मंडळांकडून येणारं मानधन या हिशेबात कुठे धरायचं, हा आपल्यासाठी नाजूक प्रश्न आहे. तो सीएला समोर बसून विचार आणि उत्तर लेखी घे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, त्यामुळे आमच्या काळातली टिपणं जशीच्या तशी उतरवू नकोस. सेवांसाठी जीएसटीची नोंदणी २० लाखांच्या उलाढालीपुढे लागते, तिथवर आपण इतक्यात पोचत नाही.

भांडवलासाठी कर्ज नको. शिलकीतून आधी पुढच्या मोसमाची पानं, टेम्पो आणि सहा महिन्यांचं भाडं बाजूला काढ. त्यानंतर जे उरेल त्याच्या निम्म्यात जे बसेल तेवढंच सुरू कर. कुणी गोदामाऐवजी गाळा घ्या म्हणेल. घेऊ नकोस.

आणि जूनपासून विसर्जनापर्यंत दुकान बंद. त्या काळात कुणी कितीही मोठं काम आणलं तरी घ्यायचं नाही. ही अट ठरावात लिहून घे, नुसती तोंडी ठेवू नकोस. ऑगस्टमध्ये तुझंच मन पाघळेल, मला अनुभव आहे.

पथकप्रमुखाला हे पत्र दाखवलंस तरी चालेल. कंदिलाची गोष्ट त्यालाही ठाऊक नाही.

माझ्या ओळखीच्या एका शाळेत तीन ढोल पडलेत. दोघांची पानं गेलीत, तिसऱ्याची नुसती दोरी. मुख्याध्यापिकांशी बोलून ठेवलंय, त्या मजुरी आणि सामान दोन्हीचे पैसे देणार आहेत, पावती मागतील. रविवारी सकाळी आठला गोदामावर ये. बरोबर दोघंच आण, मजुरी आधी ठरवून. पानं शनिवारी रात्री भिजत घालावी लागतील, ते मी बघते. येताना कोरी वही आण.

तुझी,
ताई