डॉटनेटवर भरवसा ठेवावा का? ठेवा, पण कुठल्या भागावर ते आधी ठरवा

नवी बिलिंग सेवा डॉटनेटमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामिंग मंचावर, लिहून लिनक्स सर्व्हरवर चालवायची, पण टीममधले जुने लोक म्हणतात, "मायक्रोसॉफ्ट आहे, उद्या हात वर करेल." हा तुमचा पेच. त्यांची भीती खोटी नाही. २००७ मध्ये आलेलं सिल्व्हरलाइट हे मायक्रोसॉफ्टचं ब्राउझर प्लगइन विंडोज आणि मॅकवर चालायचं, आणि लिनक्ससाठी मोनोच्या (डॉटनेटचं खुलं रूप बनवणाऱ्या प्रकल्पाच्या) मंडळींनी त्याची खुली आवृत्ती, मूनलाइट, लिहायला घेतली. २०११ च्या पाचव्या आवृत्तीनंतर सिल्व्हरलाइट पुढे सरकलंच नाही. मूनलाइटचं कामही थांबलं. सिल्व्हरलाइटचा मूळ सोर्स कोड बंद होता, त्यामुळे कंपनीचं मन उडाल्यावर बाहेरच्या कुणाला ते पुढे नेता येण्यासारखं नव्हतं.

आजच्या डॉटनेटमध्ये नेमका इथेच फरक आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये सोर्स खुला करण्याची घोषणा झाली, जून २०१६ मध्ये लिनक्सवरही चालणारं नवं डॉटनेट, डॉटनेट कोअर १.०, आलं. लायसन्स एमआयटी हे खुलं लायसन्स, म्हणजे एकदा दिलेला कोड परत मागता येत नाही. मला याहून मोठा दिलासा वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा: रेड हॅट आणि उबुंटू हे लिनक्सवाले आपापली डॉटनेट पॅकेजं सोर्सपासून स्वतः बिल्ड करतात. म्हणजे मायक्रोसॉफ्टशिवाय हे उभं करायची हातोटी बाहेर आजच आहे. शिवाय अझूर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर लिनक्स मशीन भाड्याने दिलं तरी कंपनीला पैसे मिळतातच. तिच्या आश्वासनापेक्षा मी या हिशोबावर जास्त विसंबतो.

म्हणून सर्व्हरसाठी माझं उत्तर ठाम 'हो' आहे. टूल्सच्या बाबतीत मात्र हात राखून चाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये डॉटनेट ६ तोंडावर असताना कमांड लाइनमधलं हॉट रीलोड (प्रोग्राम न थांबवता कोडमधला बदल लागू करण्याची सोय) काढून ते व्हिज्युअल स्टुडिओ या मायक्रोसॉफ्टच्या एडिटरपुरतं ठेवायचं ठरलं होतं. डेव्हलपर खवळले आणि काही दिवसांतच ते परत आलं. मायक्रोसॉफ्टच्या डीबगरचं (चुका शोधायच्या साधनाचं) लायसन्स आजही तिच्याच एडिटरपुरतं आहे. सॅमसंगचा खुला डीबगर आहे, तो आधीच वापरून बघा. डेस्कटॉप स्क्रीन करायच्या असतील तर मायक्रोसॉफ्टचं माउई हे स्क्रीन बनवण्याचं साधन नको, त्यात लिनक्सला अधिकृत जागाच नाही. त्याऐवजी लिनक्सवर चालणारं अॅव्हलोनिया बघा.

आवृत्ती निवडताना डॉटनेट १० घ्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या या आवृत्तीला तीन वर्षांचा सपोर्ट आहे. ८ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२६ मध्ये संपतो, मग नवीन काम त्यावर का सुरू करायचं?

आणि बिलाची पीडीएफ किंवा लोगो काढणारा जुना कोड उचलणार असाल तर त्यात सिस्टम डॉट ड्रॉइंग ही चित्रं काढणारी लायब्ररी आहे का ते आजच शोधा. डॉटनेट ७ पासून ती लायब्ररी फक्त विंडोजवर चालते. लिनक्सवर कोड फार तर इशारा देऊन कंपाइल होतो आणि पहिलं बिल काढताना कोसळतो. तो भाग लिनक्सवर चालणाऱ्या स्कियाशार्प या चित्र लायब्ररीवर न्यायला किती दिवस लागतील, ते अंदाजपत्रकात वेगळं धरा.