निवृत्तीनंतर ईएसआयचे उपचार चालू राहतात का?

प्रश्न : मी भोसरीतील एका खासगी कारखान्यात नोकरीला असून पुढील वर्षी ५८ व्या वर्षी निवृत्त होईन. गेली १४ वर्षे माझ्या पगारातून ईएसआयची, म्हणजे राज्य कामगार विमा योजनेची, कपात होत आहे. पत्नीला मधुमेह असून तिच्या गोळ्या ईएसआयच्या दवाखान्यातून मिळतात. ७६ वर्षांच्या आईचे उपचारही तेथेच चालतात. आमची शिधापत्रिका केशरी आहे. निवृत्तीनंतर आम्हा तिघांना कोणत्या सरकारी योजनांचा आधार राहील?
– एक वाचक, पुणे जिल्हा

उत्तर : पत्नीच्या गोळ्यांचा विचार आधी करू, कारण रुग्णालयात दाखल न होता दरमहा लागणारी औषधे बहुतेक आरोग्य योजनांत बसत नाहीत आणि निवृत्तांचा खरा खर्च तेथेच होतो. राज्य कामगार विमा योजनेच्या नियमांनुसार, किमान ५ वर्षे विमेदार राहून नियत वयोमानानुसार निवृत्त झालेल्या कामगाराला दरमहा १० रुपये, म्हणजे वर्षाचे १२० रुपये आगाऊ भरून स्वतःसाठी आणि पत्नीसाठी वैद्यकीय लाभ पुढे चालू ठेवता येतो. इतक्या कमी पैशांत बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधे देणारी दुसरी सोय मला माहीत नाही, आणि तरीही असंख्य कामगार ती केवळ माहितीअभावी गमावतात, याचे वाईट वाटते.

ही सोय आपोआप सुरू होत नाही. नोकरी संपल्यावरही आधी भरलेल्या अंशदानाच्या आधारावर काही महिने उपचार मिळत राहतात, त्यामुळे सारे सुरळीत असल्याचा समज होतो आणि एके दिवशी दवाखान्यातून परत पाठवले जाते. म्हणून कारखान्यातील हिशेब पूर्ण होण्यापूर्वीच निवृत्तीची तारीख आणि कारण स्पष्ट लिहिलेले प्रमाणपत्र, विमा क्रमांकासह, मागून घ्या आणि ईएसआयच्या शाखा कार्यालयात अर्ज करा. प्रमाणपत्रावर ‘राजीनामा’ असे लिहिले गेले, तर अडचण येऊ शकते. पुढे दरवर्षी मुदत संपण्याआधी पैसे भरावे लागतील.

मात्र या निवृत्तीनंतरच्या लाभात आई बसत नाहीत. नोकरीत असताना अवलंबित म्हणून त्यांना मिळणारे उपचार थांबतील. त्यांच्यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आताच काढा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे आणि त्यापुढील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची अट न घालता, या कार्डावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळतात. घरात सत्तरी ओलांडलेले आणखी कोणी असेल, तर ही रक्कम त्यांच्यात मिळून असते. सत्तरीखालच्या सदस्यांशी ती वाटून घ्यावी लागत नाही. जुन्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ नाही आणि ईएसआयचा लाभ चालू असतानाही हे कार्ड काढता येते. वयाचा पुरावा म्हणून आधारच धरले जाते. अनेक वृद्धांच्या आधारवर वय अंदाजाने नोंदवलेले असते, तेव्हा आईंचे जन्मवर्ष आधी पाहून घ्या.

तुम्हा दोघांना मोठ्या शस्त्रक्रियेची वेळ आल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते आणि केशरी शिधापत्रिका पात्रतेसाठी चालते. ही योजना ठरावीक उपचारांपुरती आणि अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयांपुरतीच आहे, हे ध्यानात ठेवा. दाखल होताच तेथील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटून योजनेतून मंजुरी मागा; आधी खिशातून बिल भरून नंतर योजनेकडे जाण्याचा मार्ग धरू नका.

खासगी पॉलिसीही घ्यायची असल्यास निवृत्तीपर्यंत थांबू नये. आधीपासूनच्या आजारांसाठी, म्हणजे पत्नीच्या मधुमेहासाठीही, ३ वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ असू शकतो आणि प्रस्तावात तो आजार न लपवता लिहावा लागतो.