निवृत्त दरबाऱ्याचा मान : राजाचा कुठला, सरकारचा कुठला?

प्रश्न : मडगावातल्या एका दैनिकासाठी मी परदेशी बातम्यांचे भाषांतर करतो. ब्रिटनच्या राजवाड्यातला बडा अधिकारी निवृत्त झाला की जीसीव्हीओ, लॉर्ड इन वेटिंग, लाइफ पीअर असे शब्द एका दमात येतात. यांतले राजा काय देतो आणि सरकार काय देते? मराठीत नेमके कसे लिहावे?

तीन शब्द म्हणजे तीन वेगळे मान, तेव्हा ते एका ‘किताबा’त कोंबू नका.

जीसीव्हीओ (नाइट किंवा डेम ग्रँड क्रॉस) ही रॉयल व्हिक्टोरियन ऑर्डरची सर्वांत वरची पायरी. २१ एप्रिल १८९६ रोजी राणी व्हिक्टोरियाने ही ऑर्डर सुरू केली. बहुतेक सन्मान तोवर मंत्र्यांच्या सल्ल्याने दिले जाऊ लागले होते. आपली सेवा करणाऱ्याला स्वतःच्या मर्जीने काही देता यावे, हा तिचा हेतू. आजही या ऑर्डरसाठी पंतप्रधानांची शिफारस लागत नाही. म्हणून ‘ब्रिटिश सरकारने गौरवले’ असे लिहिले, तर बातमीचा गाभाच चुकतो. आपल्याकडच्या शिरपावाशी हिचे नाते जवळचे आहे, कारण तोही धन्याच्या हातून मिळे. मात्र ‘शिरपाव’ हे भाषांतर नको, त्यात वस्त्रे येतात. ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ तर मुळीच नको. ते रणांगणावरच्या शौर्याचे १८५६ पासूनचे पदक आहे. ही चूक मराठी बातम्यांत सहज होते, कारण ‘व्हिक्टोरिया’ही ओळखीचे आणि ‘ग्रँड क्रॉस’मधला ‘क्रॉस’ही.

पायऱ्या पाच : एमव्हीओ, एलव्हीओ, सीव्हीओ, मग केसीव्हीओ (स्त्री असल्यास डीसीव्हीओ) आणि जीसीव्हीओ. नावामागे ‘सर’ किंवा ‘डेम’ लागते ते फक्त वरच्या दोन पायऱ्यांवर. दरबारातला माणूस वर्षानुवर्षे एकेक पायरी चढतो. वरची मिळाली की खालची अक्षरे गळतात, दोन्ही लिहू नयेत. ‘सर’ पहिल्या नावाला जोडायचे : एडवर्ड यंग यांना ‘सर एडवर्ड’ बरोबर, ‘सर यंग’ चूक.

सर्वांत वरची पायरी आधीच मिळालेली असेल, तर निरोपाला काय? अर्ल पील २००६ ते २०२१ लॉर्ड चेंबरलेन, म्हणजे राजगृहाचे सर्वांत वरिष्ठ अधिकारी होते. जीसीव्हीओ त्यांच्याकडे होतीच, म्हणून जाताना राणी दुसऱ्या एलिझाबेथने त्यांना रॉयल व्हिक्टोरियन चेन दिली. हा मान सातव्या एडवर्डने १९०२ साली सुरू केला. त्याने ‘सर’ लागत नाही, तरी तो फार मोजक्यांना मिळतो. पद सोडताना लॉर्ड चेंबरलेन आपली पांढरी काठी आणि पदाची चिन्हे परत करतो. १९ सप्टेंबर २०२२ रोजी विंडसरला राणीच्या अंत्यविधीत मोडलेली ती अशीच काठी. तिथे ती सेवा संपल्याची खूण होती.

लाइफ पीअर म्हणजे हयातीपुरता लॉर्ड, १९५८ च्या कायद्यान्वये. इथे मात्र पंतप्रधानांचा सल्ला येतो. राणीचे निवृत्त खासगी सचिव फेलोज, जॅनव्हरिन, गाइट आणि यंग हे चौघेही असे लॉर्ड झाले. ‘खासगी सचिव’ म्हणजे पत्रे टंकणारा कारकून नव्हे. राजा आणि सरकार यांच्यातला तो मुख्य दुवा.

‘पर्मनंट लॉर्ड इन वेटिंग’ हे राजाच्या दरबारातले मानाचे, बिनपगारी पद. नुसते ‘लॉर्ड इन वेटिंग’ दिसले तर थांबा : लॉर्ड्स सभागृहातले काही सरकारी प्रतोदही हेच नाव लावतात.

प्रश्न : माझा भाचा पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनला आहे. तो राजवाड्यात नोकरीला लागला, तर निवृत्तीला ‘सर’ होऊ शकेल का?

पोर्तुगीज नागरिक असेपर्यंत नाही. परक्या देशाच्या नागरिकाला मिळतो तो मानद सन्मान. अक्षरे लावता येतात, ‘सर’ लावता येत नाही. पुढे ब्रिटिश नागरिकत्व घेतल्यास मानद सन्मान पूर्ण सन्मानात बदलून मिळू शकतो. भारतीय पासपोर्टवर असता, तर आपल्या संविधानाचा अनुच्छेद १८ आडवा आला असता : भारतीय नागरिकाने परकीय राज्याचा किताब घ्यायचा नाही. रतन टाटांना २०१४ साली मानद जीबीई (ब्रिटिश एम्पायर ऑर्डरची सर्वांत वरची पायरी) मिळाली, पण ते कधी ‘सर रतन’ झाले नाहीत, कारण तो सन्मान मानद होता.

प्रश्न : उत्तर गोव्यातल्या पेडण्याच्या देशप्रभूंना ‘व्हायकाउंट’ म्हणत. तो किताब आज चालतो का?

तो पोर्तुगीज राजसत्तेचा किताब. ती राजसत्ता ५ ऑक्टोबर १९१० ला संपली आणि भारतीय कायद्यात अशा किताबाला जागा नाही. इतिहास लिहिताना ‘पेडण्याचे व्हायकाउंट’ जरूर लिहावे, सरकारी कागदावर नुसते नाव. पद्म पुरस्कारांनाही हीच शिस्त लागू आहे. ते किताब नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये सांगितले आणि नावाच्या मागेपुढे जोडायला मनाई केली. निमंत्रणपत्रिकेवर ‘पद्मश्री अमुक’ छापू नये.